मनुबाईच्या मापाचा ओटा

चिरागने लॅपटॉप भिवाजीच्या पुढ्यात, जमिनीवर पसरलेल्या जाळ्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "काका, हे तुमचं नवीन घर."

भिवाजीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पडद्यावरच्या घरात एका वल्ह्याखेरीज त्याच्या घरातलं काहीच नव्हतं. राखाडी सोफा होता. छताखाली आणखी एक छत होतं आणि त्यातून बारीक दिवे डोकावत होते. एका भिंतीवर त्याचं जुनं वल्हं आडवं टांगलेलं, त्याच्यावर वेगळा झोत सोडलेला. वल्ह्याच्या खाली काचेची पेटी, पेटीत पाणी आणि पाण्यात नारिंगी मासे.

"कोळी थीम," चिराग म्हणाला. तो भिवाजीच्या मुलाच्या, प्रणितच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी भाऊ होता आणि घरं सजवून द्यायचा. "आजकाल लोकांना असं आवडतं. एकदम रूटेड."

"मासं खाडीतनं घरी आनायचं न परत पान्यात सोरायचं?" भिवाजीने विचारलं. "मंग मी खाडीत जात व्हतो कनाला?"

चिराग मोठ्याने हसला. प्रणितही हसला. भिवाजीची लेक भाविका स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, ती हसली नाही. तिचं लक्ष लॅपटॉपकडे नव्हतंच. ती आतल्या ओट्याकडे बघत होती.

काळ्या कडप्प्याचा तो ओटा घर बांधलं तेव्हाचा. गवंड्याने तो सगळीकडे असतो तेवढ्या उंचीचा बांधला होता. मनुबाई मात्र सगळ्यांएवढी उंच नव्हती. शिडाच्या काठीसारख्या सरळसोट नवऱ्यापुढे उभी राहिली की ती त्याच्या छातीशी संपायची. उकळत्या कालवणात डोकवायचं तर तिला टाचा उचलाव्या लागत. ओटा खाली घ्या, असं ती पहिल्याच महिन्यात म्हणाली. भिवाजीने मोडीत निघालेल्या होडीची फळी कापली, तिला चार जाड पाय ठोकले आणि चांगला उंच पाट करून दिला. "तवर ह्याच्यावर उभी ऱ्हा," तो म्हणाला. ते 'तवर' तीस वर्षं टिकलं. यंदाच्या मार्गशीर्षात एका सकाळी भाकरी उतरवून मागे वळताना मनुबाईचा पाय पाटाच्या कडेवरून सरकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ धरला, आणि पौष लागल्यावर ती कोलशेतला परत आली ती झाकलेलीच.

पाट कुठे गेला, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

"ह्यात ओटा कुठे आहे?" भाविकाने विचारलं.

"मॉड्युलर आहे, मॅडम." चिरागने चित्र फिरवलं. पांढरीशुभ्र कपाटं, एकही भांडं बाहेर नाही. "स्टँडर्ड हाइट, वरती चिमणी. फिशचा वास अजिबात येणार नाही."

"कोणाला?"

"म्हणजे?"

"वास कोणाला येणार नाही?"

चिरागने प्रणितकडे पाहिलं. प्रणितने मान खाजवली. तो भाविकापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. वर्तकनगरच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर त्याचं घर होतं आणि आई गेल्यापासून त्याची झोप उडालेली होती, हे त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं. "ताई, ऐक ना. बाबा इथे एकटा कसा राहणार? तो येईल परत माझ्याकडे, महिनाभर होता तसा. मी प्राचीशी बोललोय, तिची काही हरकत नाही. हे घर नीट करून भाड्याने देऊ. बाबाला वाटलं की इथे येऊन-जाऊन राहायचं."

"म्हणजे ज्या घरात बाबा राहणार नाही, ते बाबाला दाखवायला आणलंयस."

"तसं नाही गं."

"मी हितंच ऱ्हानार," भिवाजी म्हणाला. त्याने जाळं विणायची लाकडी सुई उचलली आणि लॅपटॉपच्या बाजूने पुढचा फास टाकला.

"बाबा, तू पडलास तर?" प्रणितचा आवाज फुटला. "आईला शेजारच्यांनी पाहिलं म्हणून कळलं तरी. तू रात्री पडलास, मोरीत पडलास, तर कोण बघणार?"

चिरागने लॅपटॉप मिटला.

"घर मी करून घेते," भाविका म्हणाली. "बाबा पडणार नाही असं."

"तू? ताई, तू लायब्ररीत काम करतेस."

"हो."

"घर म्हणजे पुस्तक नाही."

"मला ओटा कळतो," ती म्हणाली. "तेवढा तुझ्या चिरागला कळत नाही."

शेवटी बहीणभावात ठरलं ते असं: काम भाविकाने करून घ्यायचं. नारळी पौर्णिमेला प्रणित येईल. तोवर भिवाजी त्या घरात सुखाने, एकट्याने राहत असला तर प्रणित तो विषय पुन्हा काढणार नाही. राहता येत नसलं, तर सामान बांधायचं आणि भाविकाने मध्ये पडायचं नाही.

"शब्द?" प्रणितने विचारलं.

"शब्द."

भिवाजीला कुणी विचारलं नाही. तो जाळं विणत होता.

*

भाविका डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि मानपाड्याला एकटी राहत होती. दुःख झालं की ती वाचायची. आईच्या दहाव्यानंतर तिने घरांबद्दल वाचायला सुरुवात केली. घराला किती उंच दार लागतं, खिडकी कुठे असावी, पायरी केवढी, ओटा केवढा. सगळीकडे मापं होती, आणि मापांच्या शेजारी एका माणसाची आकृती. चेहरा नसलेली, लांब हातांची. ही सगळी मापं त्या माणसावरून ठरलेली होती, आणि तो माणूस कधी कोलशेतला आला नव्हता. त्याने जमिनीवर मांडी घालून कधी जाळं विणलं नव्हतं, विळीवर बसून बोयट माशाची खवलं काढली नव्हती. त्याच्या मापाच्या ओट्यावर तिची आई तीस वर्षं चढत-उतरत राहिली होती. भाविकाने पुस्तक मिटलं आणि त्या बिनचेहऱ्याच्या माणसाशी तिचं वैर सुरू झालं.

चैत्रात काम काढलं तेव्हा पहिली आली ती मंजुळाआत्या, भिवाजीची मोठी बहीण. ती पडवीतच उभी राहिली.

"वर्साच्या आत घराला हात लावतात का गो? मनूचं वर्साराध तरी होऊ दे."

"आत्या, घराने आईला हात लावला तेव्हा वर्ष-महिना बघितला नाही."

आत्याने तोंडाला पदर लावला. "श्यानी झालीस. पुस्तकं वाचून श्यानी झालीस."

"चहा घेतेस?"

"घेते. आल्याचा कर," म्हणत आत्या बसली आणि मग जेवूनच गेली.

महिपत मिस्त्री साताऱ्याकडचा. ओटे बांधण्यात हयात गेलेली, आणि हयातीत असलं काम त्याच्याकडे कुणी मागितलेलं नव्हतं. "ताई, एवढा खाली? बालवाडी काढताय का?"

"पाटाची जेवढी उंची, तेवढा ओटा खाली. पाट नको, ओटाच खाली."

"पाट कुठाय? मोजून घेतो."

पाट सापडला नाही. भाविकाला तो पाहायचाही नव्हता. पण त्याची उंची तिच्या नडग्यांना पाठ होती. लहानपणी कितीदा तरी ती त्याला अडखळली होती. तिने हात धरून दाखवला. महिपतने भिंतीवर खूण केली. भाविका खुणेपाशी उभी राहिली, कोपर दुमडलं, हात पुढे केला. बरोबर. उंचीने ती आईवर गेली होती. चुलत्या-मामांकडच्या लग्नांत बायका तिला पाठीमागून 'मनू' म्हणून हाक मारायच्या.

मग तिने एकेक गोष्ट खाली आणली. मसाल्याच्या बरण्यांची फळी, भांड्यांची मांडणी, टॉवेलाच्या खुंट्या, दिव्यांची बटणं. मनुबाई ज्या ज्या गोष्टीसाठी टाच उचलायची, ती ती गोष्ट हाताला यायला हवी. मोरीत घसरायला नको म्हणून खडबडीत लादी घातली आणि धरायला भिंतीत कडी ठोकली. बाहेरच्या खोलीतली खिडकी तर तिने पार गुडघ्याएवढ्या उंचीवर आणली. जमिनीवर बसलेल्या माणसाला खाडीकडे जाणारी गल्ली दिसली पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठे निघालास?" म्हणता आलं पाहिजे.

"खिडकी एवढी खाली? चोर पाय टाकून येईल," महिपत म्हणाला.

"गज घाल. आणि चोराला म्हणावं, चहा घेऊन जा."

सोफा तिने आणू दिला नाही. छताखाली छत घालू दिलं नाही. प्रणित मध्ये एकदा येऊन गेला. ओट्यापाशी उभा राहिला तर ओटा त्याच्या मांडीला लागत होता. "ताई, हे विकायची वेळ आली तर कोण घेईल?"

"विकायची वेळ यायची नाही."

"आलीच तर?"

"तर घेणारा आपल्या मापाचा करून घेईल. आपल्या मापाचं घर करायला कायद्याने बंदी नाही."

गल्लीतल्या बायका बघून गेल्या. कुणी तोंडावर हसलं, कुणी पाठीमागे. एक म्हातारी मात्र त्या ओट्यावर दोन्ही तळवे ठेवून किती तरी वेळ उभी राहिली आणि मग निघून गेली. भाविकाने ते पाहिलं. तिला आणखी कुणाच्या पसंतीची गरज उरली नाही.

ओट्यावर ग्रॅनाइट बसला त्या संध्याकाळी तिने वडिलांना आत बोलावलं. "बघ बाबा. बरोबर झालाय ना?"

भिवाजी दारात उभा राहिला. दाराच्या वरच्या चौकटीला त्याचं डोकं जवळजवळ टेकत होतं. त्याने ओटा पाहिला, फळी पाहिली, खुंट्या पाहिल्या. बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या आयेला बराबर हाय," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन जाळ्यापाशी बसला.

भाविकाला भरून आलं. एवढी मोठी शाबासकी तिला बापाने कधी दिली नव्हती.

*

त्यानंतर ती दर रविवारी यायची. बस कोलशेत गावात शिरली की दोन्ही बाजूंच्या टॉवरांमधून आधी वास यायचा, खाडीचा आणि सुकटीचा, मग कौलं दिसायची. भिवाजी नव्या खिडकीपाशी बसलेला असायचा. गजांतून त्याच्या गप्पा चाललेल्या असायच्या. घर लखलखीत असायचं. भाविका येताना मासे घ्यायची, विळीवर बसून साफ करायची आणि ओट्यापाशी उभी राहून रांधायची. कोपर दुमडलं की हात बरोबर भांड्यावर यायचा. खांदे उचलावे लागत नव्हते. तिला वाटायचं, आई इथे उभी असती तर अशीच उभी असती. कधी कधी कालवण झालं तरी ती तिथून हलायची नाही.

"बाबा, आठवडाभर काय करून खातोस?"

"करतो गो. भात लावतो, सुकट भाजतो. होडीवर काय उपाशी ऱ्हात व्हतो?"

"काही हवंय का घरात? अडतंय का कुठे?"

"काय नाय."

प्रणितला ती फोनवर सांगायची, बाबा छान आहे. प्रणित म्हणायचा, बघू नारळी पौर्णिमेला.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी तिला सुट्टी होती. जेवायच्या वेळेपर्यंत येते, असं तिने सांगितलं होतं. पण सकाळी जाग लवकर आली आणि घरात बसवेना. आईशिवायची ही पहिली पौर्णिमा. नारळीभात आपणच लावू म्हणून ती गूळ आणि नारळ घेऊन नऊच्या सुमारास कोलशेतला पोचली. खिडकीपाशी बाप नव्हता. दार लोटलेलं होतं.

भिवाजी स्वयंपाकघरात होता, तिच्याकडे पाठ करून. अंगात बंडी, बंडीवरून कमरेला पट्टा आवळलेला. तो उभा राहून चहा ढवळत होता, सरळ, न वाकता.

ओट्यावर पाट होता. होडीच्या फळीचा, चार जाड पायांचा, मधोमध दोन पावलांनी गुळगुळीत झालेला. पाटावर शेगडी होती. शेगडीवर चहा.

भाविकाच्या हातातली पिशवी खाली टेकली. नारळ लादीवर गडगडला. भिवाजीने मागे पाहिलं.

"लवकर आयलीस," तो म्हणाला.

ती पुढे आली, गॅस बंद केला आणि पाटाच्या कडेला बोट लावलं. पाट जरासा डुगडुगला. एका पायाखाली दुमडलेला कागद होता.

"केव्हापासून?"

"तू गेलीस का ठेवतो. तू येतेस तवा काढतो." त्याने ओट्याखालच्या कपाटाकडे बोट केलं. "तितं असतो."

"आणि हा पट्टा?"

"त्यो आदीपासून हाय."

"बाबा."

"ज्येष्ठापासून," तो म्हणाला. "वाकून वाकून धरली कंबर. मंग ह्यो आठवला, मीच होडीत लपवून ठेवलेला."

"मला का नाही सांगितलंस?"

भिवाजीने गाळणं उचललं, परत ठेवलं. खालच्या मांडणीतला कप घ्यायला तो वाकला. एक हात ओट्यावर रोवून, दात दाबून वाकला. भाविकाने ते वाकणं आज पहिल्यांदा पाहिलं. रविवारी कप तीच काढायची.

"ती सांगत ऱ्हायली, मी नाय केला," तो म्हणाला. "तू केलास. मंग मी कुटच्या तोंडानं बोलू, मना बारका व्हतोय म्हनून?"

तिने घराकडे पाहिलं. फळी, मांडणी, खुंट्या, बटणं. एकूणएक वस्तू जिथे असायला हवी तिथे होती, आणि त्या सगळ्या वस्तू एका बाईची वाट बघत होत्या. मधल्या मोकळ्या जागेत हा उंच म्हातारा कुठेही डोकं-कंबर न आपटता कसाबसा दिवस काढत होता. पुस्तकातल्या त्या बिनचेहऱ्याच्या माणसाशी ती भांडली होती, आणि घरातला चेहरा असलेला माणूस तिला दिसला नव्हता.

"उतरव," भिवाजी म्हणाला. "त्यो यील आता. त्यो गेला का परत ठेवीन."

भाविकाने दोन्ही हातांनी शेगडी धरली. एवढंच करायचं होतं. शेगडी खाली, पाट कपाटात, पट्टा सदऱ्याच्या आत. प्रणित जेवून, नारळ वाहून, 'छान आहे' म्हणून निघून जाईल. शब्द जिंकलेला. बाप आपल्या घरात राहील. रोज पाटावर उकळतं भांडं ठेवून राहील. आईने तीस वर्षं जशी काढली तशी.

तिने शेगडीवरचे हात काढले.

"नाही उतरवत," ती म्हणाली.

"खुळी हायेस का? नेल त्यो मना."

"नेऊन तर बघू दे."

तिने नारळ फोडून खवायला घेतला. जमिनीवर, विळीच्या खवणीवर. ती नको तेवढा जोर लावून खवत होती आणि खोबऱ्यात करवंटीचे काळे कण येत होते. भिवाजी तिच्या बाजूला उभा राहिला, मग भिंतीला धरून हळूच खाली बसला आणि ते कण एकेक करून निवडू लागला.

*

प्रणित एकटाच आला. प्राची संध्याकाळी नारळ सोडायच्या वेळेला येणार होती. त्याच्या हातात मिठाईचा पुडा होता आणि तो खरोखर खुशीत होता. "काय मस्त उजेड येतोय गं खिडकीतून," तो म्हणाला, "बाबा, मानलं तुझ्या पोरीला." आणि पाणी प्यायला आत गेला.

मग आतून त्याचा आवाज आला.

"हे काय आहे?"

भाविका दारात जाऊन उभी राहिली. "शेगडी."

"खाली काय आहे?"

"तोच पाट."

"तोच?" प्रणितने पाटाला हात लावून पाहिला. "ताई, आई ह्याच्यावरून पडली. ह्याच्यावरून! मी हा खाडीत फेकायला शोधत होतो, तर मिळालाच नाही. आणि तुम्ही ह्याच्यावर उकळतं भांडं ठेवलंत? हलतोय हा, बघ. हलतोय!"

"मी ठेवलाय," भिवाजी म्हणाला. "तिला आज कललं."

"ठेवला बाबाने," भाविका म्हणाली, "पण ओटा मी केला. मी आईच्या मापाचा केला. आई नाही हे मला ठाऊक होतं, तरी केला. चूक माझी आहे."

प्रणितला भांडायचं होतं आणि समोर भांडण उरलं नाही, त्यामुळे तो आणखी चिडला. "झालं तर मग. शब्द होता आपला. बाबा, सामान बांध."

"थांब जरा."

"काय थांब? राहता येत नाहीये त्याला इथे. तूच म्हणतेस."

"ह्या ओट्याशी राहता येत नाही. घरात येतं."

"शब्द म्हणजे शब्द, ताई. फिरतेस?"

"फिरते," भाविका म्हणाली. "तुला आणि मला शब्द द्यायचा अधिकारच नव्हता. आपण दोघांनी मिळून ज्याचं घर त्यालाच विचारलं नाही. तू सोफा आणलास, मी ओटा आणला. दोन्ही सारखंच."

प्रणित काही बोलणार, तेवढ्यात भिवाजीने विचारलं, "तुझ्या घरी ओटा केवरा उंच हाय रे?"

"काय?"

"मना कमरेला लागल का पोटाला?"

"बाबा, तुला कशाला हवाय तिथला ओटा? प्राची आहे, स्वयंपाकाला बाई येते. तू नुसतं बसायचं."

"तेच," भिवाजी म्हणाला. तो भिंतीला धरून उठला. उठल्यावर त्या ठेंगण्या स्वयंपाकघरात तो फारच उंच दिसला. "म्हयनाभर व्हतो ना तुझ्याकडं, मनू गेल्यावर. तुमी लय केलंत. प्राचीनं लय केलं, कोन सून करत नाय. पन चा पायजे तर मागाया लागायचा. सोफ्यावर पाय घेतले का उशी खाली. जालं आणू का तर म्हने पसारा व्हतो. मी बसून व्हतो. नवव्या माल्यावर बसून खालची मान्सं बघत व्हतो, त्यांना हाक पन जात नाय." त्याने ओट्यावर हात ठेवला. "हितं कंबर मोडून चा करतो. पन माझा मी करतो. मी नाय येत."

"आणि पडलास तर?"

"परलो तर परलो. हुबा असताना परीन. बसून बसून नाय परनार."

"हे काय बोलणं झालं, बाबा?"

"मी जिता हाय ना अजून? मंग जित्याचं बोलनं हाय."

बाहेर गल्लीतून ढोल जात होता. पोरं खिडकीतून डोकावून "भिवाकाका, चला बंदरावर!" म्हणून ओरडली. "येतो," भिवाजी ओरडला, "भांडन आटपू दे." पोरं हसत पुढे गेली.

भाविकाने फोन काढला. महिपतने उचलला तेव्हा मागे पंखा घरघरत होता.

"मिस्त्री, ओटा वर घ्यायचाय."

"कुठला ओटा?"

"आपलाच."

"ताई!" महिपतने इतक्या मोठ्याने म्हटलं की प्रणितलाही ऐकू गेलं. "मी सांगत होतो. घसा कोरडा करून सांगत होतो. तुम्हीच म्हणालात..."

"मीच म्हणाले होते. आता मीच म्हणतेय. दगड न फोडता उचलता येईल का? खाली विटांचे थर वाढवून?"

"येईल. नीट धरला तर नाही फुटायचा. पण सण आहे, उद्या येतो. पूर्ण ओटा का नुसता शेगडीपुरता?"

भाविकाने फोन छातीशी धरला. मोरीकडची बाजू. तिथे ती रविवारी उभी राहते. आईचे हात जिथे आले असते ती जागा. "बाबा," ती म्हणाली, "अर्धा राहू दे का असाच?"

भिवाजीने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला नव्हता.

"अर्दा कोनासाठी?"

तिने मोरीकडच्या त्या बाजूवरून एकदा तळवा फिरवला. खिडकीतून ढोल लांब जाताना ऐकू येत होता.

"सगळा," तिने फोनमध्ये सांगितलं. "फळी, मांडणी, खुंट्या, सगळं वर. माप आम्ही घेऊन ठेवतो."

प्रणित मिठाईचा पुडा अजून हातात धरून उभा होता. "चार महिन्यांत दोनदा ओटा. गाव हसेल, ताई."

"हसू दे. तिसऱ्यांदा करावा लागला तर तिसऱ्यांदा करेन."

"मला हे पटलेलं नाही."

"नको पटू देऊस. पण टेपचं टोक धर."

मग पुडा ओट्यावर ठेवून, वाकून, त्याने टेपचं टोक लादीला दाबून धरलं. भिवाजी भिंतीपाशी उभा राहिला. भाविकाने त्याला कोपर दुमडायला सांगितलं, हात पुढे करायला सांगितलं, चहा ढवळतोस तसा. "कमरेचा पट्टा सैल कर. उभा राहतोस तसाच उभा राहा, फोटोला उभा राहिल्यासारखा नको."

"असाच ऱ्हातो मी."

"खोटं. दम सोड."

त्याने दम सोडला. तो दोन बोटं खाली आला. तिने डब्यातली हळद ओल्या बोटावर घेतली आणि टाइलवर रेघ ओढली. ठेंगण्या ओट्याच्या किती तरी वर, पिवळी रेघ. मग फळीपाशी एक, बटणापाशी एक. प्रत्येक ठिकाणी तिने विचारलं, "इथे? का आणखी वर?" आणि प्रत्येक ठिकाणी भिवाजी हात लांब करून, विचार करून सांगत गेला. एकदा सांगायला लागल्यावर त्याला बरंच सांगायचं होतं. दाराची चौकट. मोरीतली कडी, ती पोराबाळांची वाटते. खुंटीवर सदरा लावला की जमिनीला टेकतो.

"खिडकी?" प्रणितने टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"खिरकीला हात लावायचा नाय," भिवाजी म्हणाला. "ती माझी हाय."

नारळीभाताला खमंग वास सुटला तेव्हा भाविकाने शेगडी उतरवून खाली लादीवरच ठेवली. उद्यापर्यंत तिथेच राहणार होती ती. पाट रिकामा झाला. प्रणितने तो उचलला. हातात घेऊन उलटा केला, पायाखालचा कागद काढून टाकला. भाविकाला वाटलं, तो दारातून बाहेर जाईल आणि खाडीत फेकून येईल. तिने त्याला अडवलं नसतं.

"ह्याच्यावर कधी कोणी बसलंय?" त्याने विचारलं.

कुणाला आठवेना. घरातला तो एकच पाट, आणि जेवायला बसताना तो कधी कुणाच्या खाली आला नव्हता. मनुबाई खाली उतरायची तेव्हा सगळ्यांची जेवणं झालेली असायची.

भिवाजीने तो प्रणितच्या हातातून घेतला, बंडीच्या टोकाने पुसला आणि खिडकीपाशी मांडला.

"बस," तो भाविकाला म्हणाला.

"तू बस, बाबा. तुझी कंबर."

"मी सांगतो ना. बस."

ती बसली. मांडी घालून बसायला पाट जरा उंच होता, पाय खाली टेकावे लागले. प्रणितने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि स्वतः लादीवर मांडी घातली. भिवाजी वाढत होता, उभा, कमरेवर एक हात ठेवून, आणि वाकता येईल तेवढंच वाकून.